जपून ठेवलेले सदरे

माझी वहिनी सहसा कुणाला घाबरत नाही. आमच्या दादाबरोबर तिनं इतकी वर्षं संसार केला, यातच काय ते आलं. पण त्या दुपारी जिना चढताना तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा पट्टा रुतला.

तिच्या पर्समध्ये कोपऱ्यावरच्या रिकाम्या गाळ्याची किल्ली होती. मालकानं जागा बघण्यापुरती दिलेली. संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा, दुसरा माणूस टपून बसलाय, असं त्यानं बजावलं होतं. हो म्हणायचं तर गणवेशाच्या कारखान्यातली नोकरी सोडायची. दादाचं काम सुटलेलं, घर तिच्या एकटीच्या शिलाईवर चाललेलं. फसलं असतं तर सगळेच तोंडावर आपटलो असतो.

आणि विकायचं काय, तर अंथरुणाला खिळलेल्यांसाठी सदरे. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडते, बांधायचे बंद बाजूला, अगदी बाळाच्या झबल्यासारखं. माणसाला उचलायला नको, आखडलेला हात ओढायला नको. आईची सेवा करताना वहिनीला हे सुचलं. सदरा शिवून होईपर्यंत आई गेली होती.

नातेवाइकांनी कल्पना डोक्यावर घेतली आणि मला तिथंच शंका आली. आमच्यात तोंडावर कुणी वाईट म्हणतच नाही. भिकार पडद्यालाही ‘रंग वेगळाच आहे हं’ म्हणतात. मी वहिनीला म्हटलं, “परक्यांना दे. वापरू देत. मग परत मागायला जा. सुखासुखी परत दिला, तर निकाल लागला म्हणून समज.” ओळखीच्या नर्सनं तीन घरं सांगितली होती. तिथं वापरायला दिलेले सदरे परत मागायला आम्ही निघालो होतो.

पहिलं घर एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंचं, अंथरुणाला खिळलेल्या, एक हात आखडलेला. त्यांच्या सुनेनं दारातच कौतुक सुरू केलं. “काय शिवलाय हो! आणि ती किनार!”

वहिनीनं घसा खाकरून सदरा परत मागितला. सुनेनं लगेच कपाट उघडलं. सदरा इस्त्री करून कागदात गुंडाळलेला.

“घातलाच नाही?” वहिनीनं विचारलं.

“इतका चांगला रोज कसा घालायचा? जपून ठेवला. पाहुणे येतील तेव्हा काढीन म्हटलं.”

आतून बाई कण्हत होत्या. “आत्ताच कपडे बदललेत ना,” सून म्हणाली, “रोजचंच आहे.”

दुसऱ्या घरीही तीच गत. तिथं तर सदऱ्याच्या घडीत डांबरगोळ्याही होत्या.

दोन्ही पुडकी मांडीवर घेऊन वहिनी पायरीवर मटकन बसली. “मीच माती खाल्ली. सगळ्यांना आवडावा म्हणून शिवत बसले. तिसरीकडे नको जायला, वन्सं.”

ती मला ‘वन्सं’ म्हणते तेव्हा एकतर चिडलेली असते, नाहीतर पार खचलेली.  तरी मी तिला ओढतच नेलं.

तिसरे एक ट्रक चालवणारे काका होते, पक्षाघातानं एक बाजू गेलेली. काकू भांडायच्या तयारीतच दारात आल्या. “बरं झालं आलात! काखेत बंद लावायला कुणी सांगितलं होतं? टोचतात त्यांना. कापून टाकले मी.”

गॅलरीत दोरीवर सदरा वाळत होता. विटलेला, डागाळलेला, बंदांच्या जागी उशीच्या अभ्र्याच्या पट्ट्या. वहिनी बघतच राहिली.

“मी... परत न्यायला आलेय,” ती कशीबशी म्हणाली.

“परत?” काकू दोरीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. “मग सकाळी यांना काय घालू? कपडे बदलताना इतके ओरडायचे की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. आता ओरडत नाहीत, तर परवा ती विचारायला आली, बरे आहेत ना म्हणून!”

आमची आईही अशीच ओरडायची. मला रडू आवरेना.

वहिनीचा चेहरा उजळला. “मी कोपऱ्यावर दुकान टाकतेय. अजून शिवते, येऊन घेऊन जा.”

“दुकानात येणार कोण? यांना एकटं टाकून मी जिनासुद्धा उतरत नाही.”

 खाली उतरल्यावर वहिनी तडक गाळ्याच्या मालकाकडे गेली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. मला वाटलं, संपलं.

“आता घरी?” मी विचारलं.

“मास्तरीणबाईंकडे.”

त्यांच्या पलंगाशी बसून तिनं पुडक्याचा कागद टरकावला. पर्समधल्या कात्रीनं ती सुरेख किनार उसवून काढली. काखेतले बंद काढून कमरेशी टाचले. सून ‘अहो, अहो’ करत राहिली. बाईंनी सदरा पाहिला आणि डोळे गच्च मिटून घेतले, दात आवळले. वहिनीनं बाही हाताखाली पसरली, वरून लपेटली, बंद बांधले.

बाई तशाच डोळे मिटून पडलेल्या. थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा किलकिला केला. “घाला की एकदाचा. उगाच ताटकळत ठेवू नका.”

“घातला, बाई.”

बाईंनी मान खाली करून पाहिलं. मग चांगला हात हळूच बाहीवरून फिरवला. सून खाली वाकून टाकून दिलेली किनार उचलत होती, ती तशीच थांबली.

“वन्सं,” वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी उद्या कारखान्यात सांगून येते, नोकरी सोडतेय म्हणून. गाळा नको, घरोघरीच जाईन.”

ती चिडलेली नव्हती आणि खचलेलीही नव्हती.