जेठ अंगणात उभा होता

दिवाळीनंतर मी त्या शाळेवर रुजू झालो, तेव्हापासून फुलसिंग राठोड हे नाव माझ्या हजेरीत होतं. मुलगा पहिल्यांदा दिसला तो उन्हं तापू लागल्यावर. शाळेमागच्या माळावर बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथली निम्मी घरं ऊसतोडीला जात, पोरांसकट, आणि हंगाम सरला की परत येत. तसा हा परत आला आणि आपल्या जुन्या बाकाशी येऊन थांबला. तिथं आता दुसरा मुलगा बसत होता.

“कुठंही बस रे,” मी म्हणालो.

“सर, माही जागा हे होती.”

भांडला नाही, रडला नाही. मधल्या सुट्टीपर्यंत तिथंच उभा राहिला. शेवटी त्या दुसऱ्या मुलालाच लाज वाटली आणि तो उठला. मला तेव्हा वाटलं, पोरगा हट्टी आहे. पुढं ओळख वाढली तेव्हा कळलं, तो हट्ट नव्हता. एकदा लागलेली रीत त्याला मोडवत नसे.

बारावीनंतर तो फौजेत गेला. काही वर्षं साध्या पलटणीत काढली, मग त्याला एका वेगळ्या तुकडीत घेतलं. कुठं विषारी वायू सुटला, रोगजंतू पसरले, अणुभट्टीत काही बिघडलं, तर लोक बाहेर पळतात आणि ही माणसं आत जातात. अंगभर रबरी पोशाख, तोंडावर मुखवटा. तसा प्रसंग त्याच्या वाट्याला कधी आला नाही. वर्षभर नुसता सराव. तांड्याचे नायक बापूजी म्हातारे होते, पण जीभ तरणी होती. फुलसिंग सुट्टीवर आला की त्यांच्या ओट्यावर ठरलेला सवाल व्हायचा.

“काय फौजी, पडला का बॉम्ब यंदा?”

“नाही पडला, बापूजी.”

“मागच्या साली?”

“तवाही नाही.”

“मंग सरकार तुले पगार कायचा देते?”

“न पडल्याचा.”

सगळा ओटा हसायचा. फुलसिंगही हसायचा. एकदा मात्र तो गंभीरपणे सांगू लागला, की आपण कपाशीवर मारतो ते औषध आणि लढाईतला तो वायू एकाच खानदानातले आहेत, चुलतभाऊ म्हणा. अंगावर सांडलं तर आधी कपडे काढायचे, मग साबणानं धुवायचं, मग माणूस उचलायचा. कपडा अंगावर आहे तोवर माणूस विषातच आहे.

“मंग तुया तो मुखवटा आम्हाले आणून दे ना,” बापूजी म्हणाले. “भादव्याच्या उन्हात घालून पाहतो. फवाऱ्यानं नाही मेलो तं घामानं मरतो.”

पुन्हा हशा.

फुलसिंगची बायको-मुलं त्याच्याबरोबर छावणीत राहायची. तांड्यातल्या घरी आई होती, धाकटा भाऊ लखीराम होता आणि लखीरामची बायको कौसल्या. कौसल्या दिग्रसकडची, मोठ्या आवाजाची, हजरजबाबी. पण फुलसिंग तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. जेठाला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला हात तर लागूच द्यायचा नाही, ही तिथली रीत. तो अंगणात आला की तिचा पदर हनुवटीपर्यंत खाली यायचा. निरोप असला तर ती दारातल्या बकरीशी बोलायची.

“बकरे, सांग वो त्याहीले, भाकर थंडी होऊन राह्यली.”

आणि फुलसिंग बकरीला उत्तर द्यायचा, “सांग वो बाई, आलोच.”

घरात ही माणसं गोरबोली बोलतात. ती मला लिहिता येत नाही, म्हणून आमच्या वऱ्हाडीत लिहितो. हा संवाद मी स्वतः ऐकलेला आहे. दोघांच्या आवाजात माया होती.

त्या वर्षी फुलसिंग एकटाच सुट्टीवर आला होता आणि कपाशी डोक्याएवढी वाढली होती. लखीराम पंप पाठीला लावून फवारत होता. कौसल्या बांधावरच्या ड्रममधून बादली भरून त्याला नेऊन देत होती. चिखलात तिचा पाय सरकला आणि डोक्यावरची बादली अंगावर उलटली. तिनं हातपाय धुतले, पदर पिळला आणि पुन्हा बादली भरली. कालवलेलं औषध उद्याला चालत नाही, ड्रम तर अर्धा बाकी होता. दुपारी घरी आली ती घामानं निथळत, आणि अंगणातच बसली.

यापुढचं फुलसिंगच्या आईनं मला सांगितलं आहे, रडत आणि पुन्हा पुन्हा.

फुलसिंग मागच्या बाजूला लाकडं फोडत होता. आईची हाक ऐकून धावत आला. कौसल्याच्या तोंडातून लाळ गळत होती, दंडाचं मांस आपोआप उडत होतं. त्यानं दुरूनच ओळखलं. पण तो अंगणात शिरला आणि तिनं, तेवढीच शुद्ध होती, भिजलेला पदर तोंडावरून खाली ओढला. विषात भिजलेला पदर नाका-तोंडावर.

तो मागं सरला. तिनं पदर सोडला. तो पुन्हा एक पाऊल पुढं आला. तिचा हात पुन्हा पदराकडं गेला.

मग तो कुडाच्या भिंतीआड गेला आणि तिथून आईला ओरडून सांगू लागला.

“याडी, तिचं लुगडं काढ! पहिले कपडे काढ तिचे!”

“अंगणात? लोकाइच्या समोर?”

“लोकं गेले खड्ड्यात! काढ म्हनतो ना!”

“अरे, थंडीनं कापून राह्यली ते.”

“थंडी नाही ते, जहर आहे! साबण आन, पाणी टाक!”

आईनं तिचं तोंड पुसलं, पाय धुतले. शेजारच्या बाया जमल्या. एकीनं गोधडी आणली आणि त्या ओल्या कपड्यांवरूनच तिला घट्ट गुंडाळलं. कुडाआडून फुलसिंगला दिसत नव्हतं. तो विचारी, “काढले का?” आणि आई लाजेनं, भीतीनं म्हणे, “हो, हो.” तो मला फोन करत होता, गाडी घेऊन या म्हणून. आई हो म्हणाली, त्यावर त्यानं विश्वास ठेवला.

लखीराम शेतातून लडखडत आला तो ओकतच. त्याला धरायला म्हणून फुलसिंग भिंतीआडून बाहेर आला आणि त्याला गोधडी दिसली.

मी पोचलो तेव्हा तो ओरडत नव्हता. दोन बाया पाठ करून लुगड्याचा आडोसा धरून उभ्या होत्या. बापूजी ओट्यावरून म्हणत होते, “फुलसिंग, जेठ आहेस तू तिचा. जेठ आहेस.” आडोशाआड पाण्याचा आवाज येत होता. सरकीच्या बियाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या हातात चढवून तो तिला धूत होता आणि एकच सांगत होता, “पदर नको घेऊ, बाई. नको घेऊ. मी जेठ नाही. मी कोणी नाही.”

तिचा उजवा हात तेव्हाही तोंडाकडं जात होता. पदर राहिला नव्हता, तरी जात होता.

कोरड्या चादरीत घालून तिला मागच्या सीटवर ठेवलं, आईच्या मांडीवर. लखीराम पुढं माझ्याजवळ, डोकं खिडकीबाहेर. फुलसिंग मागं खाली पाय दुमडून बसला होता. काचा उघड्या ठेवायला त्यानं सांगितलं. महागावच्या अलीकडं म्हणाला, “सर, फौजेत आमच्याकडं या जहरावरची सुई राह्यते. मांडीत मारतो, कपड्यावरूनच. दर माणसाजवळ एक राह्यते.” थोड्या वेळानं म्हणाला, “इथं नाही माह्याजवळ.”

महागावला डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली आणि रुग्णवाहिकेतून दोघांनाही यवतमाळला पाठवलं. लखीराम आठवड्याभरात उठून बसला. कौसल्या श्वासाच्या यंत्रावर होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कपडे कुणी काढले, चांगलं केलं. मात्र जरा आधी व्हायला हवं होतं. ते सहज बोलले, त्यांना काही माहीत नव्हतं. फुलसिंग “हो साहेब” म्हणाला. नंतर लखीरामच्या शेजारच्याच वॉर्डात, तेराव्या नंबरच्या खाटेवर, ती गेली.

तांड्यात दोन्ही बोलणी झाली. काही म्हणाले, जेठानं सुनेला उघडं केलं, मग मरणारच. लखीरामनं तसं बोलणाऱ्याची गचांडी धरली. फुलसिंगनं ऐकून घेतलं. त्याचं त्याला काही वाटल्याचं दिसलं नाही. पण तिचे दिवस झाल्यावर लखीराम त्याच्यापुढं येऊन बसला. मी तिथंच होतो.

“भिया, तू तिले हात लावला, त्याचा मले राग नाही.”

फुलसिंगनं वर पाहिलं.

“उशिरा काहून लावला?”

 आई आतून म्हणाली, “लखी, म्या खोटं सांगतलं त्याले. मले इचार.” लखीरामनं तिकडं पाहिलंही नाही. तो भावाच्या तोंडाकडं पाहत राहिला. लहानपणी गणित अडलं की तो थोरल्याकडं असाच पाहायचा. खरंच काहीतरी उत्तर असेल, असं.

फुलसिंग परत तुकडीत गेला. तिथं नव्या पोरांना तो हेच शिकवत असे: आधी कपडे, मग पाणी. परतल्यावर पहिल्याच वर्गात शब्द फुटेना, म्हणून त्याला भांडाराच्या कामावर घातलं. नोकरीची मुदत भरल्यावर त्यानं वाढवून घेतली नाही.

लखीरामचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा फुलसिंगनं बापूजींच्या ओट्यावर जाऊन एकच मागणं केलं. नव्या सुनेनं माझ्यापुढं पदर घेऊ नये. कुणी हसलं नाही. बापूजींनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, “बाबू, रीत एकट्या तुयासाठी नाही मोडत. मी म्हनलो तरी बाया आयकनार नाहीत.” नवी सून चांगली आहे, पण पदर घेते. फुलसिंग दारात दिसला की तिचा हात वर जातो, आणि तेवढं पाहून तो वळतो.

त्यामुळं तो तांड्यात राहत नाही. पुसदला एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असतो, बायको-मुलांसाठी बसस्थानकामागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत, आणि महिन्यातून एकदा त्याची आई त्याला भेटायला एसटीनं जाते.