मोजायचं नाही, मागायचंही नाही

मंडळी, आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली स्टेला मला इथं चेन्नईत, गिंडीतल्या तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. तिथं एक वयस्कर सिस्टर ख्रिस्ती ध्यान शिकवतात. एक पवित्र शब्द धरायचा, मनात हळू म्हणत राहायचा, मन भरकटलं की परत त्या शब्दाशी यायचं. बस, एवढंच.

मी ‘येशू’ म्हणायला लागले आणि अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरू लागला. लहानपणापासूनची जपाची सवय! आणि प्रत्येक पेराला ओठांवर एकच मागणं: साताऱ्याला आई आहे, तिला मी आठवू दे.

सिस्टरनी माझा हात अलगद धरला. “मोजू नको अम्मा. मागूही नको. देवापाशी नुसती बस.”

मागायचंच नाही, तर मी आले कशाला? वीस मिनिटं रडत बसले.

संध्याकाळी आईला फोन केला. “कोण बोलतंय?” रोज मी नाव सांगते, खुणा पटवते, चिडतेसुद्धा. आज काहीच न बोलता फोन कानाशी धरून बसले.

“कुणीच बोलत नाही हो,” ती सांभाळणाऱ्या मावशींना म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

तुम्हाला जमतं का हो, असं नुसतं बसणं?