लेंगीचा गोल फोटो

धुळवडीच्या सकाळी मोठा भाऊ फुलसावंगीहून तांड्यावर आला. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणानंतर त्याने कित्येक वर्षं आमचं तोंड पाहिलं नव्हतं. आला तो थेट लेंगीच्या कड्यात माझ्या समोरच्या बाजूला, पार पलीकडे उभा राहिला. लेंगी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांचा होळीचा गोल नाच. डफ माझ्या हातात. हात वाजवत होता, पण जीव पलीकडे. राहील, की मधूनच निघून जाईल?

माझी लेक दिग्रसला फोटोचं काम करते. ती कड्याच्या मधोमध तीन पायांचं स्टँड रोवून उभी.

"बा, गोल फोटो काढून राह्यली. जरासे थांबा सगळे."

"लेंगी थांबत नसते."

"मंग बिघडन. हाललं तं जोडताना मुंडकं उडते."

"बिघडू दे! आपले लोक बैलाईमागं मुलूख फिरले, अन् तू उभं राहाले सांगतं?"

ती काढत गेली. तिचं काम असं: स्टँड जागचं हलत नाही. कॅमेरा थोडा फिरतो, फोटो घेतो, पुन्हा थोडा फिरतो. दर फोटोत आधीच्याची कड आलीच पाहिजे, गोधडीची ठिगळं एकावर एक चढवून शिवतात तशी. एक आभाळाचा, एक मातीचा. मग मशीन कडेच्या खुणा ओळखून सारे जोडते आणि त्याचा चेंडू करते. आपण त्या चेंडूच्या आत उभे. मोबाईलवर बोट ओढलं की सारा तांडा आपल्याभोवती फिरतो.

कडं नाचतच होतं; मी बाजूला येऊन मोबाईलवर फोटो फिरवला. लिंबापाशी मी. टिनाच्या शेडपाशी मी. टाकीपाशीही मीच, डफासकट. भाऊ कुठेच नाही.

"तुमी जिकडं फिरले तिकडंच मी कॅमेरा फिरवत गेली," लेक म्हणाली. "तुमी सदा समोर, मोठे बा सदा कॅमेऱ्याच्या पाठीशी."

भावाने मोबाईल घेतला, एक फेरा पुरता फिरवून पाहिला.

"वा रे वा. वावरातून काहाडलं, आता फोटोतूनबी काहाडलं."

दुपट्टा खांद्यावर टाकून तो निघालाच. मी डफ खाली ठेवला.

"उभे राहा सगळे! जागच्या जागी!"

कडं थांबलं. भाऊ वळला.

"लेंगी थांबत नसते न?"

"आज थांबली. जाय, आपल्या जागेवर."

तो जाऊन कड्यात पलीकडे उभा राहिला, मी अलीकडे. लेकीने त्याच्याच बाजूने सुरुवात केली. माझ्या पायात मुंग्या, पाठीत खाज, आणि नजर त्याच्यावर. त्याचा फोटो झाला. आता तो जायला मोकळा होता. मी पाहत राहिलो. कॅमेरा हळूहळू, फार हळूहळू माझ्याकडे वळला, तरी भाऊ जागचा हलला नाही.

"हलू नोको बे," तो तिकडून ओरडला, "नाही तं मुंडकं उडन तुहं!"