मेल अडली की फोन यायचा

मी इंदुताई, चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला. तोंडाची फटकळ, हे आधीच सांगते. आणि ज्यांच्यावर मी सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं, ते आमचे सोपानराव.

आमच्या मालाचे कागद मेलनं परदेशातल्या मोठ्या कंपनीच्या मेनफ्रेमवर जातात. मेनफ्रेम म्हणजे खोलीएवढा जुनापुराणा संगणक. त्याच्या अलीकडे गेटवे बसवलाय; ठरावीक आकारापेक्षा मोठी मेल तो पुढे सोडत नाही. तो गेटवे सोपानराव सांभाळायचे. आणि आमची खोड अशी, की सहीखाली कमळाचं फूल आणि 'शुभ सकाळ' चिकटवल्याशिवाय मेल पाठवायचीच नाही. फुलानं मेल फुगायची, अडायची, आणि माल भरलेला ट्रक गेटवर खोळंबायचा.

मग फोन. "इंदुताई, ते फूल काढा की." मी फाडफाड बोलायचे. ते ऐकून घ्यायचे आणि हळूच विचारायचे, "आज डब्यात काय?" मी म्हणायचे, "तुमचं डोकं." तरी सांगायचेच, मेथी, पिठलं, काय असेल ते. बायको गेलेली, मुलगी सासरी, माणूस भोसरीत भाड्याच्या खोलीत एकटा. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारे आम्हीच, तेही मेल अडली तरच.

पुढे वरून फर्मान आलं, ट्रक खोळंबता कामा नयेत. सोपानरावांनी खपून गेटवेला शिकवलं: मोठी मेल आली की तिचे तुकडे करायचे आणि एकेक पुढे सोडायचा. झकास चाललं. एकही मेल अडेना. फोनही येईना.

सुरुवातीला मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मात्र करमेना. जेवताना सारखं फोनकडे लक्ष जायचं. शेवटी एका दुपारी उठले आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या खोलीत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मला बघून ते ताडकन उठले. चेहरा असा खुलला, की मला कसंतरीच झालं.

"अडली का मेल?"

"नाही."

"मग हळू जातेय?"

"नाही हो. सगळं व्यवस्थित आहे."

चेहरा उतरला. "मग काय काम काढलंत?"

टोमणा नव्हता त्यात. कामाशिवाय आपल्याकडे कुणी येईल, हे त्या माणसाच्या डोक्यातच येत नव्हतं. मला रडू फुटलं. एवढी फटकळ बाई मी, पण खुर्ची ओढून नुसती बसले.

सोपानराव घाईनं स्क्रीनकडे वळले.

"थांबा, बघतो," म्हणाले. "कुठंतरी अडली असेलच."