आवाज न होऊ देता

आमच्या घरात दार लावायची एक पद्धत आहे. आधी कडी वर धरायची, दार अलगद चौकटीला टेकवायचं आणि मग कडी हळूच खाली सोडायची. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. मिक्सर लावायचा तर खाली आंटींचा मिक्सर सुरू असतो तेव्हाच, म्हणजे आपला आवाज त्यांच्या आवाजात मिसळून जातो. हे सगळे कायदे आईचे. आंटी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. त्या खाली राहतात आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर, गच्चीत बांधलेल्या दोन खोल्यांमध्ये. हैदराबादेत या प्रकाराला ‘पेंटहाऊस’ म्हणतात. पुण्याच्या मावशीनं फोनवर ते नाव ऐकलं तेव्हा आमचं भलतंच चांगलं चाललंय असं तिला वाटलं होतं. अंबरपेठेत येऊन पत्र्याची मोरी बघितल्यावर ती फोनवर ‘तुमच्या खोल्या’ म्हणायला लागली.

आधीच्या घरी मालकाशी बाबांचा खटका उडाला होता आणि माझ्या शाळेच्या परीक्षा चालू असताना बिऱ्हाड हलवावं लागलं होतं. आईनं त्याची जी धास्ती घेतली ती घेतलीच. इथे आलो आणि थोड्याच दिवसांत खालच्या अंकलचं हार्टचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळी आंटी जिना चढून वर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “जरा आवाज कम करो माँ, साहब को नींद नै पड रई.” आईनं तिथल्या तिथे माझ्या पायातले पैंजण काढले. पुढे अंकल गेले. आम्ही तिघंही खाली जाऊन बसून आलो, आई आंटींसाठी काही दिवस भात-वरण करून देत होती. पैंजण मात्र डब्यातून बाहेर निघाले नाहीत. एव्हाना मला ते लहानही झाले असतील.

अशा घरात मला व्हॉलीबॉलचं वेड लागलं. शाळेत पी.टी.चे सर मुलींना नेटजवळ फिरकूच देत नसत. नेट मुलांसाठी. आम्ही कडेला गोल करून एकमेकींकडे चेंडू टाकायचा, त्यालाच खेळ म्हणायचं. मी तिथून मुलांना उड्या मारताना बघायचे. चेंडू वर जायचा, मागून कुणीतरी धावत यायचं, हवेत उंच उठायचं आणि असा काही हात पडायचा की पलीकडच्या भिंतीवरून त्याचा आवाज परत यायचा. मला तेच हवं होतं. मला आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं आठवत नाही, आणि हे मी आज शांत डोक्यानं लिहिते आहे.

डिग्री कॉलेजला प्रवेश झाला. तिथे मुलींची टीम होती, कोच मॅडम होत्या, आणि कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात ट्रायल होणार होती. बाबा आबिड्सला ऑफिसात जातात, त्यांचं बोलणंही फाईलवर शेरा मारल्यासारखं असतं. ते म्हणाले, “एकदा जाऊन बघ. घेतलं तर रोज संध्याकाळी मैदानावर जा, मी अडवणार नाही. नाही घेतलं तर हे डोक्यातून काढायचं आणि संध्याकाळी बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जायचं.” मी लगेच हो म्हटलं. आपल्याला घेणार नाहीत हे त्या वयात मनातच येत नाही.

मग तो सगळा उन्हाळा मी गच्चीवर एकटीनं काढला. बरोबरीच्या मुली ॲकॅडमीत जात होत्या, तिथे मला कोण पाठवणार? फोनवर व्हिडिओ बघायचे, तेसुद्धा आवाज बंद करून, आणि तसं करून बघायचं. आईची अट एकच होती. “गच्चीत काय हवं ते कर. खाली आवाज जाता कामा नये.”

मी ती अट इतकी जीव तोडून पाळली की आता मला माझाच राग येतो. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चेंडू मारायचा होता, तर तिच्यावर जुनी सतरंजी टांगली. चेंडूतली थोडी हवा काढून टाकली, म्हणजे तो जमिनीवर पडला तरी दणकत नाही. स्मॅशसाठी चेंडू पिशवीत घालून टाकीच्या पाईपला लोंबकळत ठेवला. अनवाणी, चवड्यांवर धावत यायचं, उडी मारायची आणि खाली येताना घडी घातलेल्या गादीवर मांजरीसारखं उतरायचं. सगळ्यात अवघड होता तो हात. हात पूर्ण वेगानं आला की फाडकन आवाज होतो. मग मी चेंडूला हात लागायच्या जरा आधी तो सैल सोडायला शिकले. दिसायला सगळं व्हिडिओतल्यासारखं. उडी तशीच, खांदा तसाच वळलेला. फक्त शेवटी हात चेंडूवर नुसता टेकायचा.

एका दुपारी घरात आले तर आई म्हणाली, “आज गच्चीत खेळली नाहीस का? काहीच ऐकू आलं नाही.” मला काय आनंद झाला! मी घामानं निथळत होते, तळपाय पोळले होते, आणि खुद्द आईला माझा पत्ता लागला नव्हता. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला वाटलं, आता आपण तयार झालो.

ट्रायल सकाळी होती. मैदान लाल मातीचं, कडेला बाभळी. मुली पुष्कळ आल्या होत्या, बहुतेकींच्या गुडघ्यांना पट्टे होते, माझ्या नव्हते. आधी पास घ्यायला लावले. ते माझं उत्तम झालं, कारण अलगद घेणं म्हणजे माझा हातखंडा. कोच मॅडम माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, “हाथ साफ है तेरा. किधर खेलती?”

“घर पे, मॅडम.”

“घर पे?” त्या हसल्या, पण चांगल्या हसल्या. मी मनातल्या मनात संध्याकाळचं मैदान बघायला लागले, तिथे दिवेसुद्धा लागले होते.

मग स्मॅश. एक उंच मुलगी नेटपाशी उभी राहून प्रत्येकीला चेंडू उचलून देत होती. माझ्या पुढच्या मुली धावत जायच्या आणि धाड, धाड करत हाणायच्या. माझा नंबर आला तेव्हा मॅडमची माझ्याकडे पाठ होती, त्या एकीला काहीतरी सांगत होत्या. मी धावले, उडी मारली. वेळ अचूक साधली होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. चेंडू नेटच्या पलीकडे गेला आणि मातीत पडून दोनदा टप्पे घेऊन थांबला. मॅडम वळल्या.

“मारी क्या? मेरे को सुनाईच नै दिया.”

“मारा, मॅडम.”

“फिर से मार.”

परत मारला. परत तसाच. “जोर से!” त्या म्हणाल्या. मी ओठ चावून धावले, हात मागे खेचला, आणि चेंडूजवळ आल्याबरोबर हात आपोआप सैल झाला. मी त्याला सांगत होते मार म्हणून, आणि तो माझं ऐकत नव्हता. मॅडमनी कमरेवर हात ठेवले. “क्या रे, बॉल को सुला रई क्या?” रांगेतल्या मुली खो-खो हसल्या. मीही हसले, कारण तिथे दुसरं काय करणार? पण मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं होतं. त्या मैदानावर आवाज हवा होता, आणि मी सगळा उन्हाळा घालवून तो कसा करायचा नाही एवढंच शिकून आले होते.

मग दोन गट करून सामना लावला, त्यातही तेच झालं. चेंडू माझ्या आणि शेजारणीच्या मधोमध आला, ती “मेरा!” म्हणून ओरडली आणि मी निमूटपणे बाजूला झाले. पुढच्या वेळी चेंडू सरळ माझाच होता, तरीही मी तोंड उघडलं नाही. ती माझ्यावर येऊन आदळली. शेवटी मॅडमनी हव्या त्या मुलींना एका बाजूला घेतलं. मला म्हणाल्या, “टच अच्छा है बेटा. मार नै है. अगले साल आ.” अगला साल मला नव्हता, हे त्यांना कुठून कळणार?

बसनं घरी आले ती सरळ गच्चीवर गेले. टाकीवरची सतरंजी ओढून खाली टाकली. चेंडू घेतला आणि भर दुपारी भिंतीवर मारायला लागले. पहिले कितीतरी फटके तसेच मऊ पडले. रडत होते, शिव्या देत होते, तरी मऊच. मग कधीतरी एक बरोबर बसला. फाडकन. मग दुसरा. तळहात लालबुंद झाला. घरमालकीण हाकलून देऊ दे, बाबांना परत टेम्पो बोलवावा लागू दे, मला कशाचीच पर्वा उरली नव्हती.

जिन्यात पावलं वाजली. आंटी धापा टाकत वर आल्या. “तू है क्या माँ? मैं समझी टंकी का काम चल रा बोल के.”

जीभ सवयीनं आपोआप हलली. “सॉरी आंटी, आवाज...”

“कैसा आवाज? खेलो ना.” त्या कठड्याला टेकल्या. “वो तो साहब थे तब बोली मैं. अब नीचे किसकी नींद खराब होती? मैं एकलीच हूँ.” मग माझ्याकडे, त्या सतरंजीकडे, त्या गादीकडे त्यांनी नीट बघितलं. “इत्ते साल तुम लोगाँ वैसेच चल रै क्या? ऊपर से आवाज आई तो अच्छाच लगता. घर में कोई है बोल के.”

त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. मला भांडायला कुणीतरी मिळालं असतं. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून, कठड्याला धरून खाली गेल्या, आणि मी चेंडू हातात घेऊन उन्हात उभी राहिले. मारायला आता काही हरकत नव्हती. माझ्याच्यानं तो उचलवेना.

एव्हाना आई बाजारातून परतून आत कणीक मळत होती. ट्रायलचं तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं आणि म्हणाली, “जाऊ दे. जेवून घे.”

“आई, अंकल गेल्यावर तू आंटींना कधी विचारलंस? आता आवाज झाला तर चालेल का म्हणून?”

“असं विचारतात का कुणी?” ती म्हणाली. “ज्या बाईचा नवरा गेला तिला जाऊन हे विचारायचं?”

“त्यांना चालतं! आत्ता वर येऊन सांगितलं त्यांनी. त्यांना आवडतं!”

“तसं म्हणायची पद्धत असते.”

मग माझा बांध फुटला. मी ओरडले. इतकी वर्षं, माझे पैंजण, सतरंजी, हात, मॅडम, हसणाऱ्या मुली, बँकेचा क्लास, जे सुचेल ते सगळं मी मोठमोठ्यानं तिच्या अंगावर फेकलं. आई उठली. कणकेचे हात पदराला पुसले. तिनं कडी वर धरली, दार अलगद चौकटीला टेकवलं आणि कडी हळूच खाली सोडली. मग माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

“तुझं खरं आहे,” ती म्हणाली. “पण हळू बोल. खाली ऐकू जाईल.”

आणि पुढचं सगळं मी हळू आवाजात बोलले.