जीपखालची शेगडी

माझ्या नवऱ्याला आमच्या बपेऱ्यात कोणी नुसतं तेजराम म्हणत नाही. तेजरामभाऊ शेगडीवाले म्हणतात. ते नाव कानावर पडलं की माझ्या पोटात दुखतं. नवऱ्याचं नाव झालं तर बायकोनं खूश व्हावं, एवढं मलाही कळतं. पण ती शेगडी माझी आहे आणि तिची युक्तीही माझीच आहे. हे ठाऊक असलेला दुसरा माणूस म्हणजे ते स्वतः, आणि ते सोयीस्करपणे विसरलेत.

माणूस तसा वाईट नाही. बपेऱ्याहून आणि वाटेतल्या गावांमधून चिखल्याच्या खाणीवर पहिल्या पाळीचे कामगार नेतात. जीप जुनी, डिझेलवरची. उन्हाळा-पावसाळा ती निमूट चालते. थंडी पडली आणि नदीवरचं धुकं गावात शिरलं की मात्र अडून बसते. इंजिनातलं ऑइल घट्ट, बॅटरी गार. चावी फिरवली की नुसती कण्हते. पाळी चुकली तर कामगारांची हजेरी बुडते, आणि दोनचारदा असं झालं की ते मुकाट्यानं दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसतात. आमचं घर त्या जीपवर चालतं, म्हणून थंडीत तिचे लाड आमच्यापेक्षा जास्त.

रात्री बॅटरी काढून चुलीजवळ आणतात, तिथे माझ्या पिठाच्या डब्याची जागा होती. बॉनेटवर पोतं, पोत्यावर भाताचं तणीस. सकाळी बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओततात, ते माझ्या आंघोळीचं. काचेवर धुकं बसू नये म्हणून अर्धा बटाटा घासतात, तो माझ्या भाजीतला. या युक्त्या ते तुमसरच्या गॅरेजात शिकले. त्यांचं श्रेय मी त्यांना आनंदानं देते. बटाटासुद्धा देते.

शेगडीची गोष्ट वेगळी आहे. आमची रुचिता अशाच कडाक्याच्या थंडीत झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर बायाबाई सुईण रोज यायची, आम्हा दोघींना तेल लावायची आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवून शेक द्यायची. एके सकाळी जीप काही केल्या सुरू होईना. कामगार फाटकात उभे, आणि हे बॉनेटवर हात आपटत होते. मी बाजेवरूनच म्हटलं, "माही शेगडी न्या अन् ठेवा तिच्या खाली. तिलेबी थंडीच वाजत असन." हे हसले. पण घेऊन गेले. थोड्या वेळानं जीप सुरू झाली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात पहाटे निखारे मीच करते. मीच शेगडी भरून दारात ठेवते, हे ती जीपखाली सरकवतात आणि चहा पीत उभे राहतात. बघणाऱ्याला सरकवणारा दिसतो.

नाव पसरत गेलं. मासळीवाल्या देवानंदची व्हॅन थंडीत रुसली की तो यांना विचारायला येतो आणि जाताना मासळी देऊन जातो. म्हणजे युक्ती माझी, मान यांचा आणि मासळी साफ करायला पुन्हा मी. लग्नात गेलो तर माणसं यांना सरकून जागा देतात. विहारात वंदना संपली की चार जण यांच्याभोवती, "भाऊ, आमच्या गाडीचं काय करू?" मी चपला शोधत बाजूला उभी. एकदा मी घरी विषय काढला. "शेगडीचं तुमाले मी सांगतलं होतं." हे जेवता जेवता म्हणाले, "असन." इतकंच. भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्या "असन"चा मला अजून राग येतो.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते रुचिताचं. पोरगी आता तुमसरला कॉलेजात आहे आणि मोबाईलवर व्हिडिओ करून टाकते. यंदा सुटीत आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या शेगडीचा व्हिडिओ करू. बालाघाटपर्यंतचे लोक विचारून राहिले." हे आदल्या संध्याकाळीच दाढी करून बसले. लग्नातही यांनी एवढी घोटून दाढी केली नव्हती.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मला म्हणाले, "आज शेगडी मी भरतो. लोकाइले सगळं दिसलं पायजे."

"भरा," मी म्हटलं.

आणि मी मुद्दामच दाराला टेकून उभी राहिले. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी यांना ठाऊक नव्हती. इतक्या वर्षांत मी भरलेली शेगडी त्यांनी कधी नीट पाहिलीच नव्हती.

पाळीचे कामगार जमले होते, देवानंदही आला होता. यांनी निखारे घातले, पंख्यानं वारा घालून लालभडक केले आणि मोबाईलकडे बघून म्हणाले, "पाहा, अशी पेटली पायजे शेगडी." मग ती तशीच जीपखाली, इंजिनाच्या ऑइलच्या चेंबरखाली सरकवली. आमच्या जीपचा चेंबर थेंब थेंब गळतो. हे मोबाईलला माहिती सांगत होते, "थंडीत ऑइल घट्ट होते, त्याले हळूहळू ऊब द्याची," आणि माझं लक्ष खाली होतं.

एक थेंब पडला, भक्कन जाळ उठून विझला. कोणाच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, होऊ दे थोडी फजिती. सगळ्यांसमोर होऊ दे.

दुसरा थेंब पडला, त्याचा जाळ काही विझेना. वर रबराचा वास सुटला. देवानंद ओरडला, "भाऊ, आग!" हे पाण्याची बादली आणायला धावले, ती होती विहिरीजवळ. मला एकदम जीप दिसली, जीपमागचं घर दिसलं. मी चुलीतली राख सुपात भरली आणि धावले.

"आई, बाजूले हो ना, मधात येऊन राहिली," रुचिता मोबाईलमागून म्हणाली.

मी बाजूला झाले नाही. गुडघ्यावर बसून शेगडी ओढली, राख टाकून जाळ दाबला, निखारे काटकीनं सारखे केले आणि वरून राखेचा पातळ थर पसरला. मग शेगडी परत आत सरकवली. आता नुसती ऊब वर जात होती. तेलाचा थेंब पडला तर राखेत मुरून जात होता. थोड्या वेळानं यांनी चावी फिरवली, जीप सुरू झाली. कामगार आत बसता बसता म्हणाले, "मानलं भाऊ, वयनीलेबी चांगलं शिकवलं तुमी!"

यांनी खाली मान घालून गाडी काढली.

देवानंदही गेला, अंगणात आम्ही दोघीच उरलो. रुचिता मोबाईलमध्ये तेच पुन्हा पुन्हा बघत होती. मग म्हणाली, "आई, राख काहून टाकली? तुले कसं माहीत?"

"बायाबाईनं शिकवलं. बाजेखाली उघडे निखारे नाही ठेवत. वर राख द्या लागते."

"काहून?"

"तुही पाठ भाजू नये म्हणून," मी म्हटलं. "तुह्या बाजेखालून काढून देल्ली होती ही शेगडी. तुले उरावर घेऊन बसली होती मी, जीप सुरू होयेपर्यंत."

तिनं वाकून शेगडीतली राख बघितली. मग मोबाईल माझ्यासमोर धरला. "आता हे सगळं पयल्यापासून सांग."

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. पण मी मोबाईल खाली केला. "तुह्या बाबाले येऊ दे."

दुपारी हे परत आले. मी अंगणात बाज टाकून ठेवली होती, पुढे ती शेगडी. देवानंद मासळी घेऊन आलेलाच होता, त्यालाही बसवून घेतलं. रुचितानं मोबाईल सुरू केला. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि त्यांना कळलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग शेगडीकडे बघत, तोंडातल्या तोंडात म्हणाले, "हे मले हिनं शिकवलं."

"जोऱ्यानं बोला," मी म्हटलं. "आवाज नाही येऊन राहिला."