विहीणबाईंची माफी

माझ्या मुलानं इंग्लंडमध्ये लग्न केलं. वर्षभरानं सूनबाईंची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, सोलापूरला आल्या. पहिल्याच दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन, नाकडोळे पुसून झाल्यावर त्या माझ्या सासूबाईंकडं वळून गंभीरपणे इंग्रजीत म्हणाल्या, "मला तुमची माफी मागायची आहे."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाई चपापल्या. "कशाची? लग्नात कायबी कमी पडलं न्हाय की." मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांपुढं हात जोडायचे, ही आमच्याकडची रीत. ती विलायतेतही असावी असं त्यांना वाटलं. "आहेर तेवढा ऱ्हायला, म्हणावं. पण चालतंय."

विहीणबाई मँचेस्टरजवळच्या. तिकडच्या गिरण्यांचं कापड इथं आलं आणि इथले कितीतरी विणकर घरी बसले. त्याची भरपाई कुणी केली नाही, निदान मी तरी माफी मागते, असं त्यांचं म्हणणं. हे समजावून सांगितल्यावर सासूबाई विचारात पडल्या.

"अगं, पण माझ्या सासऱ्यांचं बार्शीत कापडाचं दुकान व्हतं. विलायती धोतरं विकूनच घर बांधलं त्यांनी. मग ही माफी आपण घ्यायची का द्यायची?"

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. "त्यांना अक्कांकडं ने. विणायचे माग त्यांच्याकडं हायत."

अक्का मागच्या गल्लीतल्या, तेलुगू विणकर घरातल्या. घराला लागूनच टॉवेलचे चार यंत्रमाग, त्यातले दोन बंद. खडखडाटात विहीणबाईंनी माफी मागितली आणि मी ती ओरडून मराठीत पोचवली. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं वाटलं. पण हे दोन माग आत्ताच बंद पडलेत. बाहेरनं स्वस्त माल येतोय, पोरगा पुण्याला गेला. त्याची माफी कोण मागणार, विचारा की."

मी ते इंग्रजीत सांगत होते. तेवढ्यात चालू मागावर एक धागा तुटला. अक्कांनी माग थांबवला, तोच विहीणबाई पुढं सरकल्या. त्यांची आजी गिरणीत कामाला होती, तिनं लहानपणी त्यांना तुटलेला धागा जोडायची गाठ शिकवली होती. पुढं तिथल्या गिरण्याही बंद पडल्या आणि आजीही घरी बसली. हे सांगता सांगता त्यांनी गाठ मारली. अक्कांनी ओढून पाहिली. सुटली.

"परत," अक्का म्हणाल्या.

दुसरी गाठ टिकली. अक्कांनी पदरात हसू दडवलं. "उद्या सकाळी या म्हणावं."

विहीणबाई खरंच गेल्या, आणि मग रोजच जायला लागल्या. दुपारी केसांत कापसाचे तंतू घेऊन परतायच्या. सासूबाई आपल्या माहेरच्या कन्नडमध्ये पुटपुटत त्यांना आधी न्हाणीघरात धाडायच्या.

जायच्या दिवशी विहीणबाईंनी मला विचारलं, "अक्कांनी माफ केलं का?"

मी जाऊन विचारून आले. अक्का म्हणाल्या, "ते अजून ठरलं नाही. पण पुढच्या वर्षी आल्या तर काम देते."